काकू, तर्रीने पुन्हा दार खाल्लं

काकू, तुम्ही गेलात आणि आठवड्याच्या आत माझ्या दाराचा खालचा कोपरा पुन्हा गेला. मागच्या वेळी सुताराने फळी ठोकून दिली होती ना, ती फळीसकट गेली. जिन्यात उभं राहिलं की त्या भोकातून माझ्या टेबलाचे पाय दिसायचे आणि त्यांच्या पुढे तर्रीचं नाक. तुम्ही असतात तर दार किलकिलं करून म्हणाला असतात, "अहो समोरच्या, खालून खिडकी काढलीत वाटतं? बरं केलंत, उन्हाळा येतोय." ऑफिसातून आले, ते भोक बघितलं, आणि सवयीने तुमच्या दाराकडे वळून उभी राहिले. कोणी काही बोललं नाही. मग मी जिन्यातच बसले आणि रडले. रडून झाल्यावर मला तुमचा असा राग आला म्हणून सांगू! तेव्हा तर मला निम्मंच माहीत होतं. आता सगळं कळलंय आणि राग दुप्पट झालाय.

आपण काही मैत्रिणी नव्हतो. सदाशिव पेठेतल्या या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं, समोरासमोर. एकात तुम्ही आणि काका, दुसऱ्यात यवतमाळहून नोकरीसाठी आलेली, भाड्याने राहणारी मी. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, काय चाललंय. मी म्हणाले, सामान लावून राहिली. तुम्ही म्हणालात, "लावा. मग राहा." आणि दार लावून घेतलंत. पुढची दीड-दोन वर्षं आपली ओळख साधारण तेवढीच होती.

मग मागच्या जुलैत ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक लालसर गावठी पिल्लू कोणाच्या तरी गाडीखाली कुडकुडत बसलेलं दिसलं आणि मी ते पिशवीत घालून घरी आणलं. आमच्याकडे झणझणीत रश्श्यावर जो लाल तवंग येतो, अगदी त्या रंगाची, म्हणून नाव ठेवलं तर्री. तुम्ही नाव ऐकलंत आणि म्हणालात, "कुत्र्याला खायच्या पदार्थाचं नाव ठेवलंत, आता ती खाणारच." तुम्ही तिला कधी तर्री म्हणाला नाहीत. "तुमची ती" म्हणायचात.

आणि तुमच्या तोंडाला काय म्हणावं, माझी ती खायला लागली. आधी सोफ्याचा डावा हात. मग उजवा, कारण एकाच बाजूने खाल्लेला सोफा बरा दिसत नाही. लॅपटॉपचा चार्जर. झाडूच्या काड्या. गादी तर अशी फाडली की मी दार उघडलं तेव्हा घरभर कापूस आणि मधोमध ही, मिशांना कापूस लावून, शेपटी हलवत, जणू माझ्याचसाठी केलंय सगळं. मी घरात असले की गरीब गाय. मी ऑफिसला गेले की सुतारकाम चालू. डॉक्टर म्हणाले, दात येताहेत, जाईल. दात आले. गेलं नाही. उलट नव्या दातांनी काम जास्त सफाईदार झालं.

चावणं मला दिसायचं, संध्याकाळी. ऐकू तुम्हाला यायचं, दुपारी. एक दिवस माझ्या दारावर पाटी. जाड निळ्या शाईत, खाली रेघ मारून: "दुपारी एक ते चार या वेळेत कुत्र्याने रडू नये." मी त्याच्याखाली लिहिलं, "कुत्र्याला वाचता येत नाही." दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली: "मग शिकवावे." त्याचा फोटो मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला, पोट धरून हसलो आम्ही. पण संध्याकाळी तुमच्या दारासमोरून मान खाली घालूनच गेले. दुपारची झोप म्हणजे तुमच्याकडे काय प्रकरण असतं ते मला एव्हाना कळलं होतं. आमच्याकडे दुपारी उन्हाने माणूस आडवा होतो. तुमच्याकडे ठरवून, पडदे ओढून, फोन बंद करून झोपतात आणि त्या वेळात सख्ख्या जावयाला दार उघडत नाहीत.

त्या पाटीनंतर आपली जिन्यातली भांडणं सुरू झाली.

"तिला खेळणी कसली देता? तिला माणूस हवंय."

"मग नोकरी सोडू का काकू?"

"असं मी कुठे म्हटलं? मी म्हटलं, आणलीत कशाला."

"मग काय रस्त्यावर सोडून देऊ?"

"असं तरी मी म्हटलंय का? माझ्या तोंडात शब्द घालू नका, आधीच कवळी नवीन आहे."

हे भांडण याच्यापुढे कधी गेलंच नाही. भाजीची पिशवी बदलायची, साडी बदलायची, वाक्यं तीच. मला वाटायचं, एक दिवस चांगलं उत्तर सापडेल आणि तुम्हाला गप्प करीन. अजून शोधतेच आहे.

शेवटी मी एक ट्रेनर लावला. त्याची पद्धत अशी: सकाळी तिला दमेपर्यंत फिरवायचं. निघताना गळ्यात पडून निरोप घ्यायचा नाही, गुपचूप जायचं. आल्यावर काही फाडलेलं दिसलं तरी ओरडायचं नाही, कारण तेव्हा तिला कळतच नाही कशाबद्दल. आधी पाच मिनिटं बाहेर जाऊन परत यायचं, मग दहा, मग अर्धा तास, म्हणजे तिला भरवसा बसतो की हे माणूस येतं परत. आणि पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून, फ्रीजरमध्ये दगड करून, तो तिला चाटत बसायला द्यायचा. मी सगळं केलं. अंधारात उठून तिला नदीपर्यंत पळवलं. दहीभात गोठवणारी यवतमाळच्या इतिहासातली मी पहिली बाई असेन, माझ्या आईने फोनवर ऐकलं तर म्हणाली, "काहून बाई? त्या भाताने तुझं काय बिघडवलं?"

आणि दिवाळीच्या सुमारास चमत्कार झाला. संध्याकाळी यावं तर दार साबूत, उरलेला सोफा साबूत, तर्री जांभया देत समोर. मी ऑफिसात पद्धतीवर भाषणं दिली. येईल त्याला ट्रेनरचा नंबर दिला. तुम्हालाही जिन्यात थांबवून सगळं सांगितलं, भात किती मऊ हवा इथपासून. तुम्ही पिशवी खाली ठेवून शांतपणे ऐकून घेतलंत. "हो का? छान. गुणाची आहे हो पद्धत," म्हणालात. तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काय होतं ते आता मला लख्ख आठवतं आणि डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. बाप्पा, बोलायचं ना तेव्हाच!

मग त्या सकाळी मी ऑफिसला निघाले तर तुमचं दार सताड उघडं. तुमचं दार कधी सताड उघडं नसायचं. आत काका खुर्चीत बसले होते, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मला बघून म्हणाले, "ही उठली नाही." एवढंच. मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि मला पुढे काय करतात ते आठवेना.

त्या दिवशी तुमच्याकडे चूल पेटायची नव्हती, म्हणून पिठलंभात मी करून आणला. काकांनी दोन घास खाल्ले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तिखट आहे," म्हणाले. त्यातलं तिखटाचं किती होतं ते मला विचारवलं नाही.

आठवड्याच्या आत दार गेलं. मी तोच भात देत होते, तीच नदी, तसंच गुपचूप निघणं. ट्रेनरला फोन केला तर म्हणाला, सातत्य ठेवा. सातत्य तर तर्रीनेच ठेवलं होतं, रोज चार बोटं. घरमालक आले, गुडघे टेकून भोकात हात घालून बघितला आणि म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत ती गेली पाहिजे. नाहीतर तुम्ही दोघी जा." कुत्रं घेऊन एकटीने राहणाऱ्या बाईला या शहरात भाड्याने घर किती पटकन मिळतं ते तुम्हाला सांगायला नको. ऑफिसातल्या एका मुलाच्या काकांचं मुळशीकडे शेत आहे. तो म्हणाला, तिथे ठेवू, मोकळी राहील. शनिवारी न्यायचं ठरलं. मोकळी राहील, मोकळी राहील, असं मी दिवसभर स्वतःला सांगायचे आणि घरी आल्यावर तिच्याकडे बघायचं टाळायचे.

शुक्रवारी कामात लक्ष लागेना. अर्धी रजा टाकून दुपारीच आले, जिना आवाज न करता चढले. म्हटलं, एकदा बघू तरी ही नेमकं करते काय. तर ती चावत नव्हती. भोकातून नाक बाहेर काढून पडली होती, तुमच्या दाराकडे तोंड करून. बराच वेळ काही नाही. मग बारीक रडली. मग थांबली, कान टवकारले. मग पुन्हा रडली, आणि मग तिने ते लाकूड दातात धरलं. माझा वास आला असणार, तरी तिने माझ्याकडे मान वळवली नाही.

तुमचं दार उघडलं. काका, बनियन आणि लेंग्यात. मला वाटलं, आता ओरडणार.

"रोज असंच करते," ते म्हणाले. "ही येईल म्हणून बघते."

"कोण येईल?"

"ही." आणि तुमच्या फोटोकडे बोट केलं.

मग जे सांगितलं ते त्यांनी पाण्याची वेळ सांगावी तसं सांगितलं. दिवाळीच्या आधीपासून तुमचं हे चाललं होतं. तर्री रडायला लागली की तुम्ही उठायचात, "बघून येते मेलीला," म्हणत. जिन्यात सतरंजी टाकून माझ्या दाराला पाठ लावून बसायचात, सकाळचा पेपर घेऊन.

"पेपर कशाला?"

"वाचून दाखवायला. वाचकांची पत्रं. फुटपाथवर गाड्या लावतात, गुरुवारी पाणी येत नाही, कबुतरांना दाणे टाकतात. एकेक पत्र वाचायची आणि त्याच्यावर आपलं मत द्यायची. आतून आवाज बंद. चार वाजले की चहाला उठायची."

"आणि तुमची झोप?"

"माझी चालू होती. तिने सोडली." मग फोटोकडे बघत म्हणाले, "मला दवाखान्यात ठेवलं होतं ना, तेव्हासुद्धा एक ते चार घरी जाऊन झोपून यायची. माझ्यासाठी कधी सोडली नव्हती."

मी विचारलं, माझ्या दहीभाताचं काय? तर म्हणाले, त्याला लागलेल्या मुंग्यांची रांग दाराखालून जिन्यात यायची, तुम्ही कुरकुर करत ती झाडायचात. काका म्हणायचे, सांग तरी त्या मुलीला. तुम्ही म्हणायचात, "कशाला? तिला वाटतंय ना पद्धतीने झालं, वाटू दे. कळलं तर उद्या आभार मानायला येईल आणि परवा किल्लीच देऊन जाईल."

काकू! अहो, हे अगदी खरं आहे, मी किल्ली दिलीच असती. पण म्हणून सांगायचंच नाही? हळदीकुंकवाला तुम्हाला खाली बसवत नव्हतं, स्टूल लागायचं. तुम्ही त्या गार फरशीवर गुडघे दुमडून बसत होतात, आणि मी तिकडे ऑफिसात लोकांना भात गोठवायला शिकवत होते. चार महिने मला येडं बनवलंत. जिन्यात उभं राहून माझ्याच तोंडून पद्धतीचं कौतुक ऐकून घेतलंत, आतल्या आत हसला असाल. हसा. पण माणसाला एकदा थँक्यू म्हणायला जागा ठेवायला पाहिजे की नको? भांडायला बरी ठेवलीत. आता तुम्ही तिच्याशी काय बोलायचात, कुठल्या सुरात बोलायचात, मधेच थांबायचात की नाही, हे मी विचारू कोणाला? ते सांगून जायला काय झालं होतं?

संध्याकाळी मी पेपर आणला आणि दाराबाहेर बसून वाचून बघितला. तर्रीने भोकातून नाक काढलं, हुंगलं आणि लाकूड चावायला लागली. पत्र वाचणं जमलं हो, पण पुढे मत द्यायचं तर मला सुचेना. कबुतरांबद्दल मला काय मत असणार? शेवटी काकांना विचारलं, दुपारी तुमच्याकडे ठेवू का हिला.

"नको. मला कुत्री आवडत नाहीत," ते म्हणाले. "आणि मी दुपारी झोपतो."

त्याच दिवशी भरदुपारी टक्क जागा असलेला माणूस मला हे सांगत होता. डोळे लाल, खाली काळं. तुमच्याच घरातले आहेत, वाद घालून उपयोग नसतो.

शनिवारी मी तिची ताटली, तिची चादर आणि त्या रबरी खेळण्याचं जे काही शिल्लक होतं ते पिशवीत भरलं. खाली गाडी येऊन थांबली होती. तर्रीला वाटलं, फिरायला चाललोय. तिने जिन्यात नाचून घेतलं, तुमचं दार हुंगून घेतलं. मी पट्टा ओढला. दार उघडलं.

"कुठे?" काका म्हणाले.

"मुळशीकडे. शेतावर. मोकळी राहील."

"तिथे कोण असतं?"

"राखणदार असतो."

"पेपर येतो का तिथे?"

मला कळेचना. "काय?"

"पेपर, पेपर. येतो का?"

"नसेल येत, काका."

"मग ती तिथे करणार काय?"

तुमच्या घरातल्या माणसांना माझ्याकडे कधी उत्तर नसतंच. काकांनी माझ्या हातातून पट्टा घेतला, दोन बोटांत, ओलं फडकं धरावं तसा. "सोमवारपासून बघू," म्हणाले. "वाचणार मात्र नाही मी. माझे डोळे अधू आहेत." मी खाली जाऊन त्या बिचाऱ्या मुलाला गाडीसकट परत पाठवलं. वर येते तो काका घरमालकांशी फोनवर बोलत होते, "हो, दुपारी माझ्याकडे असणार. खाल्लं तर माझं दार खाईल, तुम्ही कशाला काळजी करता?" मला इतकं बरं वाटलं की मी तर्रीला जवळ घेतलं आणि तिने माझ्या ओढणीचं टोक खाल्लं.

सोमवारी संध्याकाळी जिना चढले तेव्हा तुमच्या घरातून काही आवाज नव्हता. बेल वाजवली. बऱ्याच वेळाने काकांनी दार उघडलं. गालावर उशीच्या सुरकुत्या, केस उभे. "किती वाजले?" म्हणाले. दुपारी आडवे झाले होते, ते आत्ता उठले. तुम्ही गेल्यापासून पहिली झोप, काकू. तर्री तुमच्या पलंगाखाली पडली होती, म्हणाले, तिच्या श्वासाचा आवाज ऐकता ऐकता लागली.

आणि मग आम्हाला दोघांना एकदमच ते दिसलं. दाराच्या आत, कोपऱ्यात, तुमच्या चपला होत्या. तेराव्यानंतर तुमच्या बहिणीने साड्या, औषधं, सगळं आवरून नेलं, पण त्या चपलांना काकांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. मी स्वतः ऐकलं होतं त्यांना "राहू दे" म्हणताना. त्या जोडातली एकच होती. दुसरीचा पट्टा पलंगाखाली होता आणि तळव्याचा तुकडा तर्रीच्या पुढच्या पायांत. काका झोपले, ही जागी झाली, तिला वाटलं आपण एकटीच, आणि तिने अख्ख्या घरातून नेमकं तेवढंच शोधून काढलं.

"काका," मी म्हणाले, "काका, मी आत्ता हिला घेऊन जाते. मी उद्याच हिला..."

ते ऐकत नव्हते. भिंतीला हात धरून वाकले आणि राहिलेली चप्पल उचलली. तिच्यावर तुमच्या अंगठ्याचा खळगा पडलेला होता. त्यात त्यांनी आपला अंगठा ठेवला आणि तसेच उभे राहिले. मग हळूच खाली बसले आणि ती चप्पल तर्रीच्या पुढ्यात ठेवली.

"घे," म्हणाले. "एका चपलेचं मी काय करू?"